आठाला पाच कमी

न्हाई न्हाई, त्या खुर्चीवर नगा बसू, तिचा पाय मोडलाय, हितं पलंगावर टेका. काय म्हणालात, आठाला पाच कमी? नव्व्याण्णव सालचा चैत? मग मीच की. तवा ह्या वाडीच्या उपकेंद्रात माझ्याबिगर दुसरी नर्स हुती कुठं. रिटायर होऊन सहा वरसं झाली, तरी अजून लोक नर्सबाईचं घर कुठलं म्हणत हितंच येत्यात — औषधाला न्हवं हं, वेळ इचारायला. तर शिवांजलीच्या आईचं बाळंतपण मी केलं, रजिस्टरात वेळ बी मीच लिवली. आन् तुमी सांगलीसनं, कऱ्हाड-पाटण करत हा वळणावळणाचा रस्ता चढून तेवढंच इचारायला आलात व्हय? उलटी झाली न्हाई न्हवं? लिंबू देऊ का चोखायला? बरं, ऱ्हायलं.

थांबा, तुमच्या गुरुजींनी काय सांगितलं ते मीच सांगते. पोरीच्या लग्नस्थानी शनी, बरोब्बर समोर सातव्या घरात मंगळ, आन् दोघं एकमेकाकडं डोळं वटारून बसल्यात. शनी म्हणतोय थांब, मंगळ म्हणतोय हाण. ह्या दोघांच्या भांडणात नवऱ्याचा जीव जायाचा — म्हंजी तुमच्या पोराचा, शिवतेजचा. व्हय का न्हाई? आन् तीच पोरगी धा मिंटं उशिरा जन्माली असती तर लग्न बदलतंय, मंगळ सरकतोय सहाव्यात, शनी बाराव्यात, आन् शिवतेज शंभर वरसं जगतोय. बघा! मी कुठं शिकले न्हाई काय न्हाई, पण एवढी वरसं हेच ऐकतीय, पाठ झालंय मला. इंजेक्शन देताना बी कुणी इचारलं असतं तर सांगितलं असतं.

आता खरं ऐका. पोरगी पायाळू हुती. पाय भाईर, डोकं आत, आई अर्धमेली, पाटणला न्यायला गाडी न्हाई, आन् मी एकटी. अशा वक्ताला घड्याळाकडं बघती ती नर्स न्हवं, तिला घरी बसवा. पोरगी रडली, मी बी रडले, नाळ कापली, आईला साफ केलं, हात धुतले, मग बघितलं वर — तर घड्याळ बंद! आवं, कोयनेच्या पोटातला मुलूख हाय हा. जमीन अंग झाडती अधनंमधनं, आमी चहाची कपबशी धरून बसतो, पण भिंतीवरचं घड्याळ धक्का बसला की मेलंच. स्टुलावर चढून टिचकी मारली की परत चालू, जिथं मेलं तिथनं. मग वेळ लावायची कशावरनं? केरबाच्या दूधगाडीवरनं. तिचा हॉर्न वाजला की आठ. आन् केरबा कवा साडेसातला यायचा, कवा सव्वाआठला, बायकोशी भांडला की येतच न्हवता. म्हंजी ह्या खोऱ्यातल्या निम्म्या पत्रिका केरबाच्या बायकोनं मांडल्यात म्हणा की! आन् आठ वाजले असं बी लिवायचं न्हाई हं — साहेब तपासायला आला की म्हणायचा, बाई, अंदाजानं लिवता. म्हणून मी लिवायची आठाला पाच कमी. कसं खरं दिसतंय. रजिस्टर काढा, आठाला पाच कमीवाली पोरं मोजून दमाल तुमी.

आसं तोंड करू नगा. देवाला नावं ठेवत न्हाई मी. शनवार धरती, मारुतीला तेल घालती, रुईची माळ घालती. पण आमच्या म्हादेवाच्या देवळात जाऊन बघा, नवग्रह बसवल्यात एका चौथऱ्यावर, एकाचं बी तोंड दुसऱ्याकडं न्हाई. ज्या कुणी बसवलं त्येला अक्कल हुती. रोज हळदकुंकू खात्यात, गप पडून ऱ्हात्यात. त्यांना समोरासमोर आणतो तो माणूस, आन् आणतो ते त्येच्या सोयीनं. हे मी तुमाला उगं बोलत न्हाई पाव्हणं, मी... ऱ्हाऊ द्या. पाणी देऊ?

न्हाई, बोलतेच. तुमी परत कुठं भेटणार हाय मला. माझा वीरधवल, मिल्ट्रीत हाय. त्येच्या मनात एक पोरगी हुती, रेश्मा, हितलीच, नाथाजी ड्रायव्हरची. ती बी माझ्याच हातावर जन्माली. शिकलेली, दिसायला चांगली, पण बोलायला — मी म्हटलं, आमच्यात सून सासूच्या आधी जेवत न्हाई, तर हसून म्हणती, मग आत्या, आपण एकदमच जेवू. बोलली त्यात वाईट काय हुतं? काय न्हाई. पण माझ्या टाळूला झोंबलं. नवरा गेल्यापासनं ह्या घरात माझाच शब्द, आन् ही आल्यावर दोन शब्द होणार, हे कळलं मला. शनी-मंगळ काय आभाळात असत्यात व्हय? एक चुलीपाशी हुता, एक दारात हुभा हुता.

मग पत्रिका काढली. मंगळ सातवा. पाटणचे गुरुजी भले माणूस, म्हणाले, अगदी काठावर हाय, पाच मिंटं हिकडंतिकडं झाली तर दोष उरत न्हाई, वेळ पक्की हाय का एवढं इचारा. वीरधवल सुट्टीवर आलेला. माझ्याकडं वळून म्हणाला, आई, तूच हुतीस न्हवं तिथं? वेळ बरोबर हाय का? तुमाला सांगते, हसला तो माझ्याकडं बघून. त्येला वाटलं सुटलं सगळं, आता आपलीच आई सांगणार. रेश्माचा बाप हात जोडून बसलेला. आन् मला ठावं हुतं की ती वेळ मी पोट भरून जेवल्यावर लिवलीया. एक शब्द बोलायचा हुता. मी बोलले न्हाई. भिंतीकडं बघत बसले. गप बसणं म्हंजी व्हयच की, गुरुजींनी पत्रिका मिटली.

रेश्मा? म्हसवडला दिली. दोन पोरं हायत, नवरा धडधाकट, मोटारसायकलवर पुढं पोर मागं ही, सिद्धनाथाच्या जत्रंत बघितलं मी. खाल्लं न्हाई मंगळानं कुणाला. खाल्लं मी. माझ्या पोराला. तेहतीस संपली त्येला, लग्नाचं नाव काढू देत न्हाई. ऐतवारी फोन करतो. जेवलीस का? जेवले. गोळी घेतलीस का? घेतली. ठेवू? ठेव. गेल्या दोन सुट्ट्या पुण्यात दोस्ताकडं काढल्या त्यानं. लाज वाटती मला, पाव्हणं. त्येला अजून सांगितलं न्हाई मी. फोन उचलते आन् गोळी घेतली म्हणते.

तर खऱ्या वेळेची चिठ्ठी कसली मागताय माझ्याकडं? खरी वेळ न्हाईच, कुणाकडंच न्हाई. तुमाला आठ वाजून पाच पायजे असतील तर आत्ता लिवून देते, सही-शिक्क्यासकट, शिक्का अजून हाय माझ्याकडं. पण आधी एक सांगा. शिवतेजच्या मनात पोरगी हाय ते मला ठावं हाय, शिवांजली परवा हितंच बसून बोलून गेली. मी तुमचं इचारते. तुमाला पायजे का न्हाई ही सून?

...

बोला की.

...

आस्सं. म्हंजी आठ वाजून पाच नकोच हायत तुमाला. आठाला पाच कमी पक्कं करून घ्यायला आलाय हितपतूर.

उठा. न्हाई, उठा म्हणते मी. आन् जाताना शिवतेजचा नंबर द्या मला, जे तुमाला सांगितलं ते त्येला सांगायचंय. न्हाई देत? नगा देऊ. शिवांजलीकडं हाय.