ओर्सोलाच्या हातातला पंखा

फाउस्तिना : मान पाडू नकोस, ओर्सोला. खिडकीकडे बघ.

ओर्सोला : अवघडले गं मी. हे गुलाबी रेशीम आणि हा पावडर थापलेला केसांचा टोप! तुझ्या बाबांच्या चित्रशाळेत रंग घोटायला बसायचो, तेव्हा बरं होतं. फाटका झगा चढवला की झालं काम.

फाउस्तिना : बाबा म्हणायचे, आमची फाउस्तिना मेहनती आहे, पण हात आहे तो ओर्सोलाचा. किती जळायचे मी!

ओर्सोला : आणि आता बघ. अख्ख्या व्हेनिसमध्ये नाव तुझं.

फाउस्तिना : तू लग्न करून गेलीस म्हणून. हे बघ, तो पंखा ठेव खाली. मी तुझ्या हातात ब्रश काढते.

ओर्सोला : वेड लागलंय का? चित्र यांनी सांगितलंय, दिवाणखान्यात लावायला. आरशांच्या व्यापाऱ्याची बायको दिसायला हवी त्यात.

फाउस्तिना : असं बोर्तोलो म्हणाले?

ओर्सोला : म्हणाले नाहीत. पण कळतं ना बाईमाणसाला. आणि काय गं, ही माझ्या बाहीची लेस आहे की सांडलेली लापशी?

फाउस्तिना : मग तू कर. हा घे ब्रश. घे म्हणते ना!

(ओर्सोला उठून चित्रापुढे उभी राहते आणि बाहीची लेस रंगवू लागते.)

फाउस्तिना : अगं... वाऱ्याने हलेल अशी काढलीस. इतकी वर्षं हात कुठे लपवून ठेवला होतास?

बोर्तोलो : येऊ का आत? होडी खाली थांबलीय, म्हटलं घेऊनच... ओर्सोला? ब्रश तुझ्या हातात?

ओर्सोला : काही नाही हो. सहज.

बोर्तोलो : ही लेस तू काढलीस?

फाउस्तिना : तिनेच. आमच्यात सगळ्यात चांगली हीच होती.

बोर्तोलो : मला वाटायचं, तू तिथे नुसते रंग घोटायचीस. बोलली नाहीस कधी?

ओर्सोला : आई म्हणाली होती, सासरी सांगू नकोस, आवडायचं नाही. नंतर रोज वाटायचं, आज विचारू. मग लुचिया झाली, मग पिएरो. मग विचारायचंही राहिलं.

बोर्तोलो : फाउस्तिनाबाई, हिच्या हातात ब्रशच काढा.

ओर्सोला : नको. पंखाच राहू दे. घरी मी पंखाच धरला ना इतकी वर्षं.

बोर्तोलो : पण मी कशाला अडवलं असतं गं तुला? माडीवरची उत्तरेची खोली रिकामीच पडलीय. तुला तिथे चित्रं काढायला बसवलं असतं. चार लोकांना बोलावून दाखवलं असतं.

ओर्सोला : हे नका सांगू आता.

बोर्तोलो : का? खरंच सांगतोय. मी हो म्हणालो असतो.

ओर्सोला : म्हणूनच नका सांगू. तुम्ही नाही म्हणाला असतात, असं मानून मी आजवर बरी होते.