खिम्याचा बैल

चिचगडच्या फॉरेस्ट बंगल्यावर मी खानसामा होतो ना, तेव्हाची गोष्ट. इंग्रज जाऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. साहेबांच्या बाईसाहेब नागपूरहून नव्याच आलेल्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे मटणाच्याच दिवशी, त्यांनी गावच्या पाटलांना जेवायला बोलावलं. मला मासिकातलं चित्र दाखवून म्हणाल्या, "खिम्याचा आणि चीजचा असा बैल कर. पोळा आहे ना."

मी म्हटलं, "बाईसाहेब, काल ज्याच्या पाया पडले, त्याला आज कापून खातील काय?"

"तू कर."

नोकरी होती, केला. अंग खिम्याचं, वशिंड आणि शिंगं डब्यातल्या चीजची. थाळा घेऊन निघालो, तर पाटील ओसरीवर बसलेले. हातातली काठी अजून खाली ठेवली नव्हती. दाराआड थांबून वशिंड खरवडलं, शिंगं उपटली आणि सुळे म्हणून तोंडात खोचली.

पाटलांनी थाळ्यावर वाकून पाहिलं. "हे काय होय रे?"

"रानडुक्कर, पाटील."

"माहं धान यानंच खाल्लं," म्हणत त्यांनी मानेपासूनच सुरुवात केली.

तेवढ्यात बाईसाहेब बाहेर आल्या. "कसा झालाय आमचा बैल?"

पाटलांचा घास तोंडातच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग थाळ्याकडे, मग परत माझ्याकडे. मी खाली मान घातली.

"बाई, तुम्ही शहरातल्या," पाटील सावकाश म्हणाले. "बैलाले सुळे नसतात."

आणि त्यांनी दुसरा तुकडा उचलला.