नळीतलं घर

डिचोलीत धूर तपासायच्या टपरीसमोर रांग होती. सुविधा स्कूटर चालूच ठेवून बसली होती. तिच्या पुढच्या जुन्या पिकअपने आत्ताच रांगभर काळा धूर ओकला होता, आणि पिकअपवाला बॉनेट उघडून बायकोवर तापला होता.

“परत नापास! व्हॉल्व्ह नवो घातलो, फिल्टर नवो घातलो, तरी धूर काळोच. कागद नाय मिळालो तर उद्या केरीची मासळी घेवन पाळीच्या बाजाराक कसो जातलंय?”

“अहो, वायच हळू बोला.”

“थांब गो. ही बारीक नळी बघ. हेतून वारो आत गेलो तरच व्हॉल्व्ह मिटता, नायतर धूर काळो. आणि हेच्या तोंडात माती! कुंभारीण माशयेन घर केल्यान. तो स्क्रू ड्रायव्हर दी.”

“नको. फोडू नकात.”

“तुका ठावक होता?”

“होय.”

“आणि गप ऱ्हवलंस?”

“इतक्या वर्सांनी आपल्या सुनेक दिवस गेलेत. अशा वेळाक कुंभारणीचा घर कोण मोडता?”

पिकअपवाला नळीवर वाकला.

“गो, हय कान लाव.”

“अगो बाय! गुणगुणता!”

“जिवंत आसा. रोजचे धक्के, हो धूर, ही धग... आणि तिना हय पोर वाढवल्यान.”

“माती कुरतडता बघा. पाय दिसलो!”

मागून हॉर्न वाजला.

“ओ भाऊ, गाडी चालू करा, पुढे घ्या!”

“घेतंय, घेतंय. आधी पोराक भायर येवंदे.”

सुविधाने मागे वळून तोंडावर बोट ठेवलं, आणि आपली स्कूटर बंद केली.