ब्रेक नाही, चालवू नये

...आणि वर मलाच विचारतात, "आजी, या वयात त्या काळ्या वाटेवर कशाला गेलात?" कशाला म्हणजे? हौस! सकाळी उठले, म्हटलं हाडं अजून बरीच शाबूत दिसतायत, चला, दोन-चार मोडून येऊ! अहो, कुणी आपणहून जातं का तिथं? तुम्हाला सांगते, मी घाबरले नव्हते. पेपरवाले ना तुम्ही, मग हे आधी लिहून घ्या. मग पुढचं सांगते.

माझं सायकलींचं दुकान. आमचे हे गेले आणि दुकान माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा मला हवा भरण्यापलीकडे काही येत नव्हतं. पहिल्यांदा चाकाचा आस उघडला तर छर्रे सगळे फरशीवर, तीन दिवस कपाटाखालून वेचत होते! पण शिकले. कुणी शिकवलं नाही, खोलत गेले, बिघडवत गेले, शिकले. आज एकोणचाळीस वर्षं झाली, माझ्या हातची सायकल परत आली म्हणून कुणी सांगून दाखवावं! आता चालवण्याचं म्हणाल तर... दुकानापासून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत आणि परत. ब्रेक बघायचे, गिअर बघायचे, झालं. एकोणचाळीस वर्षं मी कोपऱ्याच्या पुढे गेले नाही. गरजच काय? आचारी काय पंगतीत बसून सगळं जेवतो?

पण नात! नात कोपऱ्यावर थांबेल तर शपथ. तिला जंगलात जायचं असतं. नदीपलीकडचं ते जंगल, तिथं म्हणे सायकलीच्या वाटा केल्यात, हिरवी, निळी आणि काळी. हिरवी नवशिक्यांची, निळी बऱ्यापैकी येणाऱ्यांची, आणि काळी ज्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय त्यांची. नात काळीवर जाते, डोक्यावर तिची ती लाल टोपी घालून. सून म्हणते, "आई, तुम्हीच लाडावलंय तिला." मी लाडावलं? तिनं दहाव्या वर्षी पंक्चर काढलं तेव्हा मी फक्त शाबास म्हटलं होतं!

तर तिनं नवी सायकल घेतली. परदेशी. जाड टायर, पुढे स्प्रिंगा, नुसती बघितली तरी चिखल उडाल्यासारखा वाटतो. आदल्या संध्याकाळी दुकानात ठेवून गेली, "आजी, जरा नजर टाक." मी नजर टाकली. आणि काय बघते, ब्रेक उलटे! पुढचा ब्रेक डाव्या हाताला! आता उभ्या गावाला ठाऊक आहे, उजवा हात पुढचा ब्रेक, डावा हात मागचा. ज्यांनी बनवली त्यांना ठाऊक नाही? म्हटलं, माझ्या दुकानातून असली उफराटी सायकल बाहेर जायची नाही. घेतला पाना, सोडल्या तारा, केली अदलाबदल, पुसून-बिसून ठेवून दिली. समाधानानं घरी जाऊन झोपले.

सांगितलं कुणाला? कुणालाच नाही! चांगलं काम काय दवंडी पिटून सांगायचं असतं?

सकाळी सातला नात आली, मी तेव्हा मागे हात धूत होते, मैत्रिणीच्या जीपवर सायकल बांधली आणि भुर्रर्र. मी दातांच्या डॉक्टरांची सायकल स्टँडवर चढवली. तीही परदेशी. दोन्ही ब्रेकच्या तारा काढल्या, डबी उघडली, नवी तार घेतली... आणि हात थांबला. तारेकडे बघत राहिले. कारण नातीचा हात मला माहीत आहे ना! ती गेली तीन वर्षं मैत्रिणीच्या सायकलीवर, परदेशी ब्रेकवर शिकलीय. उतार लागला की ती उजवी मूठ दाबणार, तिच्या हिशेबानं मागचा ब्रेक. आणि मी तिथं लावलाय पुढचा. उतारावर पुढचं चाक कचकन अडलं की सायकल काय करते? सायकल जागेवर उभी राहते, आणि माणूस एकटाच पुढे जातो. हँडलवरून. डोक्यावर.

फोन लावला. वाजला. कुठे? माझ्याच टेबलावर, ट्यूबच्या ढिगाखाली! विसरून गेली होती कार्टी!

मग काय करता? सून कामावर, रस्त्यावर रिक्षा नाही, दुकानात सायकली बावीस, पण कुणाला चाक नाही, कुणाला चेन नाही, एकीला सीटच नाही. बसून पॅडल मारता येईल अशी सायकल एकच, डॉक्टरांची. उचलली, बसले, निघाले. औषधाचं दुकान आलं, औषधवाला म्हणाला, "आजी, वळा की!" मी गेले पुढे! आयुष्यात पहिल्यांदा! मी घाबरले नव्हते, लिहून घ्या, फक्त घंटी एकसारखी वाजवत होते, समोर कुणी नसताना.

नदीवरचा पूल, मग उभा चढ, आणि वर जंगलाच्या फाटकाशी वनरक्षक. त्याला विचारलं, "लाल टोपीची पोरगी गेली का?" तर तो कसा बोलतो, झोपेतून उठवल्यासारखा, "गेली की... काळ्या वाटेला... आत्ताच." म्हटलं, मग मीही जाते. तेव्हा मात्र खडबडून जागा झाला. "आजी, खाली नदीपर्यंत नुसता उतार आहे! तुमच्या सायकलीला ब्रेक तरी..." पुढचं मी ऐकलंच नाही. कारण मी निघाले होते. आणि कारण मला तेव्हा ते दिसलं.

माझ्या दुकानाचा एक नियम आहे. काम अर्धवट असलेल्या सायकलीला मी पुठ्ठा बांधते, हँडलला, सुतळीनं. काम पूर्ण झाल्याशिवाय तो पुठ्ठा काढायचा नाही. कुणीही. मी पण नाही. तर आता तो पुठ्ठा वाऱ्यावर माझ्या डोळ्यांसमोर फडफडत होता. त्यावर, माझ्याच अक्षरात, ठळक: ब्रेक नाही. चालवू नये.

अहो, दोन्ही तारा दुकानात! स्टँडवर! मी स्वतः काढलेल्या!

आणि उतार लागला.

तो उतार म्हणजे रस्ता नव्हे हो, कुणीतरी डोंगर उभा चिरलाय आणि म्हणे ही वाट! झाडांची मुळं अशी आडवी, त्यांच्यावरून सायकल टण टण टण, माझे दात टण टण टण, तरी बरं दातांच्याच डॉक्टरांची सायकल! ब्रेक म्हणून दोन्ही चपला जमिनीवर टेकवल्या. डावीचा तळ पहिल्या वळणाला गेला. उजवी अख्खी गेली, एका झुडपात, मी वळून बघितलं नाही. डोळ्यांतून पाणी, तोंडात पाचोळा. एका ओढ्यावर दोन फळ्या टाकलेल्या, रुंदी माझ्या हाताएवढी, त्यांच्यावरून मी कशी गेले मला विचारू नका, मी डोळे मिटले होते. आणि सगळा वेळ नजर त्या वाटेवर. मिटल्यावर नाही हो, उघडल्यावर! प्रत्येक वळणाला वाटायचं, आता दिसेल. लाल टोपी दिसेल. जमिनीवर दिसेल. प्रत्येक लाल पान बघून काळीज लक्कन हलायचं. माझ्या हातानं. माझ्या पान्यानं. मी घाबरले नव्हते, लिहून... लिहिताय ना?

आणि मग मागे आवाज.

फाटकावर पाटी होती, अस्वलांपासून सावध राहा. पाटी वाचायला मला सवड मिळाली होती, हेच दुर्दैव. मागून काहीतरी येत होतं. फांद्या कडाकड मोडत, दगड घरंगळत, धापा टाकत, आणि मधेच घोगरं ओरडत. मी वेग वाढवला. अहो, उतारावर, ब्रेक नसलेल्या सायकलीवर, मी पॅडल मारलं! ते पण जोरात आलं. मी ओरडले, "जा! माझ्यात काही नाही खायला! सांगाडा आहे नुसता!" ते आणखी जोरात ओरडलं. वळण आलं, मी वळले, ते वळलं. समोर नदी. वळायला जागाच नव्हती. म्हटलं, पाण्यात तर पाण्यात, आणि सायकल, मी, पुठ्ठा, सगळे सरळ नदीत.

गुडघाभर पाणी होतं. सायकल वाळूत रुतून उभी राहिली, मी बसले. पाण्यातच. हँडल धरून. मागे बघायची हिंमत नव्हती. काठावर टायर घसरल्याचा आवाज आला आणि सायकल थांबली. छान थांबली. अगदी नेमकी, चाक न उचलता. कामाची माणसं आवाजावरून ओळखतात. अस्वलाला असा ब्रेक लावता येत नाही.

"आजी!!"

लाल टोपी. उभी. डोक्यावर. अख्खी!

"आजी, तू वेडी आहेस का? किती हाका मारल्या! फाटकाच्या आत बाकावर बसले होते मी, तारा बदलून शेवटचा नट आवळत! तू माझ्या नाकासमोरून गेलीस!"

"तारा कशाला बदलत होतीस?" मी पाण्यातूनच विचारलं. आवाज शक्य तितका खणखणीत.

"उलट्या होत्या म्हणून! तूच शिकवलंस ना, पहिल्या उताराच्या आधी दोन्ही ब्रेक दाबून बघायचे?"

मी शिकवलं होतं. ती दहा वर्षांची असताना. मी विसरले, ती विसरली नाही.

मग ती पाण्यात आली, मला धरून उठवलं. म्हणाली, "त्या फळ्यांवरून गेलीस ना तू, तेव्हा मला वाटलं, संपली माझी आजी." आणि रडायलाच लागली. एवढी काळ्या वाटेवरून जाणारी पोरगी! मग माझंही... पाणीच होतं तिथं सगळीकडे, कुणाला काय कळतंय.

"त्या तारा कुणी बदलल्या, आजी?"

मी वर बघितलं. झाडं होती. बाजूला बघितलं. नदी होती. एकोणचाळीस वर्षांत जे वाक्य माझ्या तोंडून निघालं नव्हतं, ते निघालं.

"मी. माझं चुकलं."

"काय म्हणालीस? परत म्हण."

"एकदाच मिळतं ते."

आणि हो, ते मघाचं, घाबरले नव्हते म्हणून लिहून घेतलंत ना? खोडा. सगळं खोडा. इतकी घाबरले होते की अजून चमच्यातलं औषध तोंडापर्यंत पोचत नाही, वाटेत सांडतं.

तर नातीनं काय केलं, हँडलचा तो पुठ्ठा सोडला, ओला झाला होता, पण अक्षर तस्संच, आणि सुतळीसकट माझ्या गळ्यात घातला. जंगलातून गावात मी तशी आले, अनवाणी, जीपमध्ये पुढच्या सीटवर. औषधवाल्यानं वाचलं. सुनेनं वाचलं, म्हणाली, "राहू दे, शोभतंय." डॉक्टर ब्रेक बसवलेली सायकल न्यायला आले, तेही चष्मा लावून वाचून गेले, वर म्हणतात, "आजी, काम कधी पूर्ण होणार?"

काढून फेकला असता हो मी! पण नियम माझा. काम पूर्ण झाल्याशिवाय पुठ्ठा काढायचा नाही. कुणीही. मी पण नाही.

बसलेय घालून.