झेंडूच्या माळेखालची स्प्रिंग

जबाब देणार : देविका जयंत सुपनेकर, वय ५८ वर्षे, धंदा नोकरी (केंद्रीय मंत्रालयात उपसचिव), राहणार गुरुग्राम, हरियाणा.

पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर होऊन समक्ष जबाब देते की, मला हिंदी उत्तम येते. तरी माझ्या घरातली गोष्ट मी माझ्या भाषेतच लिहीन असे सांगितल्यावर फौजदारांनी परवानगी दिली. हिंदी तर्जुमा सोबत जोडला आहे.

वरील पत्त्यावर मी व माझे पती जयंत, निवृत्त अधीक्षक अभियंता, राहतो. आमचा ड्रायव्हर विठ्ठल कांबळे, मूळ गाव औसा, हा पत्नी व दोन मुलींसह गॅरेजवरच्या खोलीत राहतो. गॅरेजचा दरवाजा वर उचलून छताशी सरकवण्याच्या पद्धतीचा आहे. त्याचे सगळे वजन दोन बाजूंच्या दोन स्प्रिंगा तोलतात.

दरवाजा बसवणाऱ्या माणसाने तेव्हाच समजावले होते की, स्प्रिंगचे आयुष्य उघडझापीवर मोजतात. रोजच्या वापरात ती सहासात वर्षे टिकते. तिला दर महिन्याला तेल हवे, ओल लागू द्यायची नाही, आणि एक गेली की दोन्ही बदलायच्या. दरवाजा अर्ध्यावर सोडून पाहावा. तिथेच थांबला तर ठीक, घसरला तर स्प्रिंग थकली. हे सर्व माझ्या पतींनी मान डोलावत ऐकले.

त्यानंतर त्या स्प्रिंगांना तेलाचा थेंब लागला नाही. लागले ते हळदकुंकू. आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते. जयंत गाडी, इस्त्री, मिक्सर यांच्याबरोबर स्प्रिंगाही पाण्याने धुऊन त्यांना झेंडूची माळ तारेने घट्ट बांधत. पूजेची माळ मधे काढायची नाही म्हणून ती पुढच्या नवमीपर्यंत तिथेच कुजत राही. चार वर्षांपूर्वी उजवी स्प्रिंग तुटली तेव्हा त्यांनी तेवढीच बदलली. डावी मूळचीच राहिली. दिवाळीनंतर दरवाजा अर्ध्यावरून घसरू लागल्याचे मी त्यांना दाखवले. थंडीत असे होतेच, असे ते म्हणाले. या गृहस्थांनी आयुष्यभर सरकारी पूल तपासून सह्या केल्या आहेत.

गेल्या सोमवारी सकाळी विठ्ठलने माझ्या हातचा चहा घेतला आणि गाडी काढायला गेला. मी पायरीवर उभी होते. त्याने दरवाजा छातीपर्यंत उचलला, तोच डावी स्प्रिंग मोठा आवाज होऊन तुटली आणि दरवाजा खाली आला. त्याचा उजवा हात खाली सापडला. मी व शेजारच्या हेमांगी दळवी यांनी मिळून दरवाजा उचलला. जयंत आवाज ऐकून बाहेर आले. त्यांनी आधी गाडीचे बॉनेट पाहिले.

मी विठ्ठलला टॅक्सीने रुग्णालयात नेले. त्याची दोन बोटे काढावी लागली. मी परतले तेव्हा गॅरेजची फरशी धुतलेली होती, माळ कापून निर्माल्याच्या पिशवीत भरलेली होती आणि दोन्ही स्प्रिंगांवरून तेल निथळत होते. इतक्या वर्षांत जे जमले नाही, ते त्या सकाळी जमले होते. मला शिसारी आली. ती पिशवी मी ठाण्यात जमा केली आहे. त्यात फुलांना चिकटलेला गंजाचा पापुद्रा आहे. स्प्रिंग माळ बांधलेल्या जागीच तुटली आहे, हे जागेवर येऊन पाहावे.

संध्याकाळपर्यंत जयंत यांनी कॉलनीत सांगून टाकले होते की, ड्रायव्हर सकाळीच पिऊन आला होता. मला ते म्हणाले, "तू फक्त एवढंच सांग, वास येत होता. बाकी मी बघतो." वास येत नव्हता. विठ्ठल दारूला शिवत नाही.

काल मी रुग्णालयात गेले तेव्हा कळले की विठ्ठलने स्वतःच तसा जबाब दिला आहे. मी कारण विचारले. तो म्हणाला, "बाई, साहेब म्हणाले, पिऊन होतो असं सांगितलं तर खोली राहील. नाहीतर आठ दिवसांत सामान बाहेर. पोरींची परीक्षा तोंडावर आलीय." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. ज्या घरात मी रोज जेवते, त्या घरात हा सौदा झाला, याची मला किळस वाटते.

घरी जाऊन एकदा साहेबांशी बोलून घेता का, असे फौजदारांनी मला विचारले. मी नाही म्हटले.

आमचे घर खरेदी करताना, बाईच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्क कमी पडते म्हणून, जयंत यांनी ते एकट्या माझ्या नावावर केले. गॅरेज व वरची खोली त्यातच येते. विठ्ठलचे कुटुंब तिथेच राहील. त्यांना बाहेर काढण्याचा अधिकार जयंत यांना नाही. हे विठ्ठलला आजच कळवावे आणि त्याचा जबाब नव्याने घ्यावा, अशी माझी विनंती आहे. खोलीत कोण राहील हे मी ठरवीन. घरात कोण राहील तेही.

तर्जुमा मला वाचून दाखवला. मी लिहिले तसाच तो आहे, कुठेही सौम्य केलेला नाही. बरोबर आहे म्हणून सही करते.

देविका सुपनेकर