इरलं छाप छत्री

छत्रीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. चौथीत शाळा सोडून मी बुधामामाबरोबर इरली विणायला लागलो होतो. बांबूच्या कामट्या, वर पळसाची पानं. डोक्यावरून पाठीवर ओढलं की भातलावणीत वाकलेला माणूस कोरडा राहतो. उन्हाळाभर विणलेली इरली पावसाआधीच्या पौडच्या बाजारात खपली नाहीत, तर आमची सगळी मेहनत वाया.

त्याच बाजारात पुण्याच्या एका छत्री कंपनीचा माणूस आला. कंपनीनं छत्रीचं नावच 'इरलं' ठेवलं होतं. तो मामाला म्हणाला, "हे नाव आता आमचं आहे. सरकारात नोंदलंय. इरलं म्हणून ओरडून विकू नका."

"मग काय म्हनून इकू?"

"काहीही म्हणा. आम्ही तुमच्या संस्कृतीचा मानच केलाय. हे चित्र बघा."

छत्रीवरच्या चित्रात पीळदार मिशांचा मावळा होता, आणि त्याच्या डोक्यावरचं इरलं आभाळाकडं तोंड करून पालथ्याचं उताणं. काढणाऱ्यानं इरलं जन्मात पाहिलं नसावं. मामानं शांतपणे छत्री कंपनीच्या माणसाच्या हातात परत दिली.

"साहेब, ह्यात पानी साठंल. ह्याला आमी इरलं म्हनत न्हाई, शेनाची पाटी म्हनतो. ते नाव खुशाल नोंदा, आमचं काय बी म्हननं न्हाई."

साहेब तोंड उघडणार, तोच शेजारच्या भाजीवालीनं विचारलं, "दादा, ही शेनाची पाटी छाप छत्री केवढ्याला?"