पाठमोरे पाहुणे

तुम्हाला सांगते, ही स्वराज्याच्या आधीची गोष्ट. रनाळ्याला माझ्या नणंदेला पाहायला पाहुणे येणार होते आणि घरातल्या एकुलत्या एका पलंगाचे पाय वाळवीनं खाल्लेले. यांनी ते पाय काढून पलंगाची बंगई टांगली, झोपाळाच म्हणा. ती एका बाजूला कलली. मग चारही दोर आढ्याच्या एकाच कडीला बांधले, तेव्हा सरळ राहिली.

मुलाचे वडील बसले आणि बंगई हळूहळू फिरली. त्यांचं तोंड भिंतीकडे, पाठ आमच्याकडे! सासूबाई घाबरून कुजबुजल्या, "आपलं काय चुकनं? रुसनात का ते?" यांनी त्यांना सरळ केलं, तर ते पुन्हा फिरले. नणंद चहा घेऊन तशीच उभी.

शेवटी भिंतीकडे बघतच पाहुणे म्हणाले, "पोर पसंत शे, पन आते माले खाले उतारा!"